ऊर

मरेगुद्दी सरांची (सर कसले,
नोटांच्या प्रेसमध्ये नंबर तपासायचे)
कविता मी पहिल्यांदा वाचली
जेल रोडवरच्या आमच्या छापखान्यात,
प्रूफ म्हणून.
पहिल्याच ओळीत वालदेवी नदी आला होता.

मी लाल शाईनं नदीला बाई केलं.
काउंटरवर कोपर टेकून ते म्हणाले,
आमच्यात निर्जीवाला लिंग नसतं हो.
दगड, नदी, पगार, सगळं एकच 'ते'.
तुम्ही लोक खुर्चीलासुद्धा बांगड्या भरता.

एकतीस वर्षं गेटवर झडती.
डबा उघडा, चपला काढा, बाह्या वर.
कागदाचा कपटा आत न्यायचा नाही,
बाहेर तर नाहीच.
म्हणून कविता डोक्यात जुळवायची
आणि शिपायाच्या हाताखालून
तशीच घरी न्यायची.
आजूबाजूला बोलणारे सगळे सिन्नरचे, निफाडचे,
मग ती मराठीतच व्हायची. काय करणार?

कादंबरी डोक्यात मावत नाही.
ती घरी. कानडीत.
नीलव्वाबाई झोपल्यावर मोरीच्या दिव्याखाली,
पाटावर बसून.

पाच झाल्या. धारवाडहून एसटीनं गठ्ठा यायचा
आणि ते क्वार्टर्समध्ये दारोदार प्रती वाटायचे,
पोरगा पास झाल्यासारखे.
वाचता कुणालाच येत नव्हतं.
शिरसाठबाईंनी त्यांच्या प्रतीत
लाइटची बिलं ठेवली.
त्याचं त्यांना कोण कौतुक:
महिन्यातून एकदा उघडतात तरी!

एका प्रुफात ओळ आली,
'माझा ऊर भरून आला.'
मी समासात लिहिलं : गुळगुळीत. बदला.

आले. चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, आमच्याकडे ऊर म्हणजे गाव.
धरणाचं पाणी आधी चावडीला लागलं,
मग शाळेला, मग आमच्या गोठ्याला.
कळसावर एक बगळा बसायचा म्हणे, तोही उठला.
मी इथं नंबर मोजत होतो. रजा नव्हती.
भावाचं कार्ड आलं, दोनच शब्द.
ऊरु तुंबितु.
तुंबणं तर तुमच्यातही आहे की.

मी ती खूण खोडली.
खोडायलाही हाताशी लालच पेन होतं,
त्यामुळे ती ओळ आणखीच चुकल्यासारखी दिसत राहिली.

ते गेले त्या आठवड्यात
द्राक्षांच्या गाड्यांनी बिटको चौक अडला होता.
शेवटची गाडी तासभर तिथंच.

आता मी लिपी शिकतेय. या वयात.
शिरसाठबाईंची प्रत मागून आणली, बिलांसकट.
एका दिवसात चार ओळी, कधी दोन.
अकराव्या पानावर एक छापखाना लागला,
त्यात कुणीतरी बसलंय, हातात लाल पेन.
तिच्याबद्दल काय लिहिलंय ते अजून लागत नाही.
एवढंच कळलं,
तिथं 'ते' नाही.
'अवळु' आहे.
ती.