तिसरा नोझल

सेल मारला की गाडी अर्धा मिनिट विचार करते.
मग खोकते, पांढरा धूर सोडते,
आणि देगलूर रोडवर कैसर मिस्त्रींच्या दुकानापुढं
कडुलिंबाला टांगलेल्या ट्यूबा हलायला लागतात.

शहाण्णवची कमांडर. प्यूजोचं इंजिन.
कागदोपत्री अजून काकाच्या नावावर,
काकाला जाऊन नऊ वर्षं झाली.
बाजूला पिवळ्या अक्षरांत 'न्यू राजहंस ब्रास बँड, उदगीर',
त्यातलं 'न्यू' तेवढं उडालंय.

आज रात्री मुक्रमाबादला वरात.
सीटखाली तीन ट्रम्पेट, टपावर ढोल,
डगल्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर,
आणि इंजिन चारातला एक ठोका गिळतंय.
कोणता, ते सांगत नाही.

डिझेलचं तसं सोपं असतं, कैसरभाई म्हणतात.
ना प्लग, ना कॉइल, ना ठिणगी.
हवा दाबायची, इतकी दाबायची की तिलाच राग यावा,
मग तेलाचा एक फवारा.
"हवा, तेल अन् टाइम. बस.
बिघडलं की बहुतेक टाइमच बिघडतो."

पूर्वी ते पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे,
मूठ कानाला,
आणि डोळे मिटून उभे राहायचे,
पलीकडून कुणी फोनवर बोलतंय असे.
आता डावा कान गेला. उजवा जातोय.
चाळीस वर्षं टॅपेटची टकटक ऐकून
कानांनी तरी किती ऐकावं.

सोपान ओरडून विचारतो, "उस्ताद, कोन्ता?"
उस्तादांना ओठ दिसतात, आवाज नाही.
समोरच्या नव्या गॅरेजात लॅपटॉप लावतात;
आमच्या गाडीला ती पिन खुपसायला भोकच नाही.

त्यांनी लाकडी मुठीचा जुना पेचकस काढला,
बनियनला पुसला,
टोक पहिल्या नोझलवर टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.

मी हसणार होतो.
पण क्लॅरिनेटची चोच वरच्या दातांखाली घेतली
की सूर आधी कवटीत वाजतो,
वरातीला नंतर ऐकू जातो.
डीजेचा ट्रक शेजारून जाताना
मी माझा सूर तिथंच शोधतो, हाडात.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला. मान हलली.
दुसरा.
तिसऱ्यावर थांबले. पुन्हा चावलं, जरा जोरात.
"हा मुका न्हाई. हा थुकालाय.
फवारा पायजे तिथं थेंब टाकलालाय."

पाइप सोडला, नोझल निघाला,
टोकावर काजळी, शिळ्या भाकरीच्या करपीसारखी.
तांब्याचा वॉशर नवा नव्हता.
जुनाच चिमट्यात धरून लाल केला,
पाण्यात टाकला, चर्र.
"तांबं असंच मऊ पडतं," म्हणाले,
"लोखंडाला हे करू नको."

मग हवा काढायची.
सोपानचा अंगठा हातपंपावर,
खच्, खच्, खच्,
सैल केलेल्या नटातून फेस,
फेस,
अजून फेस,
पाच वाजले, सव्वापाच, माझा जीव वर,
आणि मग एकदम
बिनबुडबुड्याची सरळ धार.
"आवळ!"

सेल.
अर्धा मिनिट विचार.
मग चारही.

कैसरभाईंनी पेचकस माझ्यापुढं केला.
मुठीवर दातांच्या दोन खाचा होत्या, आजच्या नव्हेत.
मी त्याच खाचांत दात ठेवले.
लाकडात ग्रीस, जुनी सुपारी,
आणि आत, डोळ्यांच्या मागं कुठंतरी,
लोखंड लयीत.

मुक्रमाबादला पोचलो तेव्हा
नवरदेव घोडीवर पेंगत होता.
पहिल्या सुराला डिझेलची चव होती.
गाडी मात्र मी मारुतीच्या पारापाशी चालूच ठेवली.
बंद केली तर परत लागेल,
असं काही कैसरभाई म्हणाले नव्हते.