गप्प मात्रा

टूबा माझ्या वाट्याला आला तो खांद्यामुळे.
सुभेदार नागावकर म्हणाले, हाड आहे, श्वास येईल.
श्वास यायला चार वर्षं लागली.
ओठ अजून येतोय.

वर्षातले दहा महिने आम्ही राखीव.
मी पुलगेट डेपोत बसच्या पोटाखाली आडवा.
अत्तार कॅम्पात खारी भाजतो, पहाटे तीनपासून.
ढमढेरे बोहरी आळीत बिजागऱ्या विकतो
(हो, मोठा ड्रम त्याच्याकडेच आहे,
आणि तो विनोद करून झालाय).
रविवारी घोरपडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये
एकवीस जण एकमेकांत सूर शोधतो.
फाटकापाशी गाडी भोंगा देते,
बी फ्लॅटच्या जराशी खाली.
नागावकर दर वेळी कपाळाला आठी घालतात,
जणू रेल्वेनं सराव बुडवलाय.

टूबाच्या कागदावर काळं कमी, पांढरं जास्त.
चौतीस मात्रा गप्प. मग एक सूर. मग परत सोळा.
नवखा असतो तो या वेळात इकडंतिकडं बघतो.
नागावकर सांगतात, गप्प बसणं सोपंय रे,
मोजत गप्प बस.

मार्चात दोन महिन्यांचं बोलावणं येतं.
हेमलता आधी कॅलेंडर बघते, मग मला.
चिंचेचा कोळ करून ठेवते: पितळेला
डब्यातल्या पॉलिशपेक्षा हाच बरा, असं तिचं मत,
आणि ते खरं आहे, पण नागावकरांना सांगायचं नाही.
पहिल्या आठवड्यात ओठ फुटतात.
दुसऱ्यात पायांना ड्रम कळतो.
सहाव्यात कुठं आमचा बँड होतो.
आठव्यात घरी पाठवतात.

शिबिरात स्टँडं मांडायला अंकुश पोळ यायचा,
रायफल कंपनीतला, चोवीस वर्षांचा.
मला विचारायचा, या भोंग्यात पाणी किती मावंल?
मी म्हणायचो, मोजून सांगतो एकदा.

लग्नसराईत कोंढाळकर लाल कोट घालतो.
कॉर्नेट स्वतःचा, त्यामुळे कुणी बोलत नाही.
एकदा वरातीत सवयीनं
मिनिटाला एकशेवीस पावलांची चाल लागली त्याच्याकडून.
नवरदेव मुहूर्ताच्या चाळीस मिनिटं आधी मांडवात.
मुलीकडचे अजून नाश्त्याला बसलेले.
घोडी तेवढी खूश होती म्हणे.

डिसेंबरात फोन आला. रविवार नव्हता.
अत्तार पिठाच्या हातानं आला, मी ग्रीसच्या.
ट्रकमध्ये कुणी बोललं नाही.
भोरच्या अलीकडं गाव, शाळेचं पटांगण,
पोरं झाडावर चढलेली.
संथ चाल वाजवली. एवढी संथ
की ढमढेरेच्या दोन ठोक्यांमध्ये
माणसाला घराकडं बघून यायला वेळ होता.
पोळची आई गाडीमागं चालत होती
आणि तिचं पाऊल आमच्या चालीत पडत होतं.
ते मला बघवेना.

मग फैरी. मग एकटा ब्यूगल.
लास्ट पोस्टमध्ये टूबाला काही नाही.
कागदसुद्धा नाही.
तरी मी मोजत होतो.

परतताना कात्रजच्या बोगद्यात ट्रक अडकून राहिला.
अंधारात मी चावी दाबली, टूबा वाकवला,
साठलेलं पाणी डब्याच्या झाकणात काढलं.
आपलाच श्वास, थंड झालेला.
अर्धी वाटी भरली असेल. थोडी कमीच.

अत्तारनं विचारलं, काय करतोस?
म्हटलं, काही नाही. सांडतोय.

रविवारी स्टँडं आम्हीच मांडली, वाकडीतिकडी.
नागावकरांनी काठी उचलली,
तेवढ्यात फाटकात गाडी आली,
आणि या वेळी त्यांनी आठी घातली नाही,
तिचा भोंगा संपेपर्यंत
हात तसाच वर धरून ठेवला.