पॉलिश

विश्रामबागच्या गार दुकानात
संमेदनं दोन फोटो ठेवले माझ्यापुढं.
एक माझ्या पाच वर्षं जुन्या फोननं काढलेला,
एक नव्यानं, ज्याची किंमत सांगताना
तो आवाज जरा उतरवत होता.
सकाळीच पुलावर उभं राहून काढले म्हणे.
दोन्हींत तोच आयर्विन, आणि खाली
कृष्णेचं तेच हिरवट, आळशी पाणी.
"काका, सांगा बघू नवा कुठला?"
मी डावीकडचा म्हटलं.
त्रिशलानं चष्मा वर सरकवून उजवीकडचा.
मग संमेदही गप्प झाला,
कारण खरं कुठलं ते बघायला
त्यालाच परत आत शिरावं लागलं.

माझी हयात मार्केट यार्डात गेली.
अडतीच्या पेढीवर दिवाणजी;
आधी चोपडी, मग कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर,
आणि बोटांच्या पेरांत कायमची हळद.
मला एवढंच कळतं,
की हळकुंड पिंपात घालून फिरवलं की चमकतं,
आणखी फिरवलं की आणखी चमकतं,
आणि वजनात घटतं.
चमक खरेदीदाराला दिसते,
घट काट्याला.
संमेद म्हणाला, "हा अजून पातळ आलाय."
मी नुसतं हं म्हटलं.

नाही असं नाही, एकेकाळी फरक पडायचा.
पहिला फोन आला आणि
एसटीडी बूथवरची माझी रांग एका दिवसात संपली.
दुसऱ्यात टॉर्च होता;
गोदामातली वीज गेली की त्याच्या उजेडात
पोत्यांवरचे मार्के वाचले.
तिसऱ्यानं मालाचा नमुना
पुडीत न बांधता इरोडला धाडला.
चौथ्यावर त्रिशलाची बहीण सदलग्याहून
रोज संध्याकाळी शिजलेली भाजी दाखवायला लागली.
दर वेळी वाटायचं,
घरात कोणीतरी नवीन राहायला आलंय.
त्यानंतर मात्र
तोच पाहुणा, सदरा बदलून, परत दारात.

खोटं कशाला बोलू,
दुपारी तीनला माझा फोन मान टाकतो.
म्हणून गेलो गणपती पेठेत,
इलियास मोमीनच्या दोन हात रुंद टपरीत.
त्यानं टाचणीनं चार्जिंगचं भोक कोरलं.
निघाली अर्धी चिमूट, पिवळीधमक.
"काका, हळद लावलीय व्हय फोनला?
लग्न ठरलंय का काय?"
शेजारचा चहावालाही हसला.
मी ती तळव्यावर घेऊन उन्हात धरली.
राजापुरी. रंग किंचित उतरलेला,
म्हणजे परवाच्या हंगामातली.
बॅटरीचे नऊशे घेतले त्यानं,
कोरण्याचे काही नाही.
म्हणाला, गर्दी वाढलीय माझ्याकडं,
लोक आता बदलत नाहीत, टिकवतात.

रात्री फोन चार्जिंगला लावला
तर पडद्यावर एक ओळ उगवली:
या उपकरणाला यापुढे नवीन अपडेट मिळणार नाहीत.
चाळीस वर्षांत बाजारात असं पाहिलं नव्हतं.
माल शाबूत, रंग शाबूत, वजन पुरं,
आणि सौद्याच्या यादीतून पोतं खोडलेलं.
बँकेचं ॲपही कुरकुरायला लागलंय,
आज ना उद्या दार लावून घेईल.
त्रिशला म्हणाली, "मग आता?"

संमेदचा मेसेज आलाच होता:
जुन्याचे अडीच हजार धरतो, बाकीचे हप्त्यानं.
पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा.
आत काय चाललंय ते बाहेर दिसायचं नाही,
पण समोरच्याची बोटं तरी आपल्या हातात असायची.
हे अडीच हजार कुणाच्या बोटांनी ठरवले?

उत्तर लिहायला अंगठा टेकवला.
पिवळ्या अंगठ्याला तो कधी ओळखतो, कधी नाही.
तिसऱ्यांदा ओळखलं.
लिहिलं, दिवाळीनंतर बघू.
कुठल्या दिवाळीनंतर,
ते लिहिलं नाही.