नोंदीत न बसणारं क्रियापद

गोळीबार चौकातले नीळकंठ धकाते,
साक्षीदार क्रमांक दोन,
पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले,
"घर खाली कर असं बोलला नाही जी तो.
सुचवून राहिला होता."

वकील उठले. शब्द सांगा, नेमके शब्द.

मागावर तुटलेलं सूत शोधावं
तशी धकात्यांची बोटं हवेत फिरली.
"रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसे.
म्हणे, पोट्टी मोठी झाली न तुमची?
म्हणे, नळाचं पाणी पुरते काय एवढ्या जणाले?
एक दिवस म्हणे,
मानेवाड्याकडं खोल्या सस्त्या हायेत म्हंतेत लोकं.
सुई टोचली नाही जी त्यानं.
सुई कुठं ठेवून हाय, थे दाखवलं."

न्यायाधीश माझ्याकडे वळले. लिहा:
घरमालकाने मुलीच्या वयाबद्दल विचारले.
पाण्याबद्दल विचारले.
खोल्यांचं वाक्य ऐकीव ठरलं, गळालं.
मी लिहिलं.
लिहिलेलं सगळं खरं होतं.

बावीस वर्षं क्रियापदं टिपते आहे मी.
मारलं. घेतलं. ढकललं. सही केली.
ह्या सगळ्यांना हात असतात,
हातांना ठसे.
सुचवण्याला काय असतं?
सुचण्याच्या पोटात एक व शिरतो, एवढंच.
सुचतं ते आपलं आपल्याला,
भाजी निवडताना, बस चुकल्यावर.
सुचवतो तो दुसरा,
पण उगवतं आपल्याच डोक्यात,
आपल्याच आवाजात,
म्हणून हे कोण बोललं असं कुणी विचारलं
की मान आपलीच खाली जाते.

धकात्यांची गेली होती.
जेवणाच्या सुट्टीत ते नळापाशी उभे दिसले,
पाणी न पिता.

माझ्या पर्समध्ये चार दिवसांपासून
एक घडी घातलेला कागद आहे.
घरी आले तेव्हा मोरेश्वर कूलर भरत होता.
कांदा चिरता चिरता म्हटलं,
"चंद्रपूरला म्हणे नागपूरपेक्षा जास्त ऊन असतं."
"असते न," तो म्हणाला,
आणि बादली ओतली.
दुसरी ओतली.
वाळ्याचा ओला वास स्वयंपाकघरापर्यंत आला.
तिसरी भरायला गेला
तो रिकामीच घेऊन परतला,
दारात थांबला.

"कधीपासून?"