के-सात

अल ऐनला ऑगस्टात भर दुपारी
सावलीसुद्धा गाडीखाली शिरून बसते,
आणि आम्ही गाडीत.

आम्ही म्हणजे मी आणि सालेम अल-कअबी, पलीकडच्या बुरैमीचा.
त्याच्या बापाकडे उंट आहेत, शर्यतीचे,
पाठीवर जॉकी म्हणून एक छोटं यंत्र.
सालेम म्हणतो, आमच्या घरीही परफॉर्मन्स विभागच आहे.

गाडीला नाव नाही अजून. के-सात म्हणायचं.
अंगभर काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचा कागद डकवलेला,
कुणी फोटो काढलाच तर
खांदा कुठला नि कंबर कुठली, कळू नये म्हणून.
माझ्या फोनच्या डोळ्यावरही लाल चिकटपट्टी.
बायकोनं विचारलं, रंग कुठला?
म्हटलं, ठरायचाय.
म्हणाली, मग नाव ठेवायला तरी बोलवा.

काचा लावून गाडी तीन तास उन्हात ठेवतात.
आतला काटा सत्तरीला टेकला
की आम्ही जाऊन बसतो.
पट्ट्याचं बकल रुमालानं धरायचं,
बटण दाबायचं,
आणि दर मिनिटाला मांडीवरच्या वहीत
नाकाशी किती, गुडघ्याशी किती.
शेवटचा रकाना: कसं वाटतं, एक ते दहा.
पहिल्या मिनिटाला मी नेहमी एक लिहितो.
शून्य लिहायची सोय नाही.

वर्कशॉपच्या भिंतीवर मोठा तक्ता आहे.
कुवेत मार्चमध्ये, दोहा एप्रिलमध्ये,
रियाधला दोन दरवाजांची, मोठ्या पंख्यांची.
पुढच्या सालच्या पुढचं सालही तिथं मांडून ठेवलंय.
भारताच्या रकान्यात एक आडवी रेघ.
रोज हात धुताना ती समोर येते.

सहाशे घोडे, मोरिता सांगतो, बोटांनी सहा दाखवून.
मी मिरजेचा, शिकलगार.
माझ्या चाचांनी जन्म काढला तो एका घोडीवर,
तंबोऱ्याच्या, उंटाच्या हाडाच्या.
कानस मारायची, तार लावायची, ऐकायचं,
तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा,
पुन्हा ऐकायचं.
जवारी खुलेपर्यंत कुणी चहा विचारायचा नाही.

म्हणून असेल,
पहिल्यांदा इंजिन गुरगुरलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं.
आवाज मागच्या सीटखालून येत होता.
स्पीकर.
इंजिन आता इतकं सभ्य झालंय
की त्याची डरकाळी वेगळी वाजवावी लागते.

रकान्यात आकडा मावेना, तेव्हा समासात लिहिलं:
जवारी बंद आहे.
मोरितानं चष्मा वर करून विचारलं, हे काय असतं?
मी टेबलावर टिफिनचं रबर ताणलं,
खाली काडी सारली,
छेडून दाखवलं, काडी केसभर सरकवून पुन्हा छेडलं.
तो हसला नाही.
त्यानं काडी मागून घेतली.

तीन आठवड्यांनी रात्री दोनला जबल हफीतच्या वळणांवर
नवा आवाज घालून गाडी निघाली.
सालेमनं वर जाईपर्यंत एकदाही रेडिओची आठवण काढली नाही.
खाली गावाचे दिवे,
त्यातला बुरैमी कुठला नि अल ऐन कुठलं, तोच जाणे.

चित्राला बंदी होती.
आवाजावर चिकटपट्टी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.
वरच्या वळणावर गाडी थांबवून मी घरी फोन लावला,
चाचांना उठवायला लावलं,
फोन मागच्या सीटवर ठेवला
आणि सालेमला म्हटलं, दाब.

मिरजेत पहाटेचे साडेतीन.
बराच वेळ पलीकडून नुसता खोकला.
मग म्हणाले,
बरंय. पण खर्ज अजून झोपलाय.
आणि तो दोरा, पोरा,
अर्धा केस मागं घे.