पंचवीस मिनिटं, उजळाईवाडी

डाव्या खिडकीत रंकाळा येतो, काठाला जलपर्णी घेऊन,
मग साने गुरुजी वसाहत,
मग आमच्या गच्चीवरची निळी टाकी.
हे मी कुणाला सांगत नाही.
उजव्या सीटवर अर्शद मुल्लाणी, हुपरीचा.
त्याचे वडील पैंजणांना घुंगरं जोडतात,
हा उतरते आकडे मोजतो.
चाकं टेकतात.

पंचवीस मिनिटं.
तेवढ्यात सत्तर माणसं खाली, झाडू, इंधन, सत्तर माणसं वर.
शाहू नाक्याला गाड्या तुंबल्या नसतील
तर घर वीस मिनिटांवर.
चार वर्षांत सहाशे वेळा गावात आलो असेन
आणि घरी गेलो नाही.

परशा शिडीपाशी पिशवी देतो. बायकोनं पाठवलेली.
भडंग, बीपीच्या गोळ्या,
बँकेचं पत्र. वर तिच्या अक्षरात: वाचून घ्या.
गोळ्या मी बॅगेत तळाला सारतो.
पुढच्या महिन्यात मेडिकल आहे.

शेजारी नव्या कंपनीचं विमान उभं,
शेपटीवर केशरी पोपट, रंग अजून ओला वाटावा असा.
त्यांचं तिकीट स्लीपर बसपेक्षा स्वस्त.
आमच्या साहेबांनी लगेच चार नवे मार्ग काढले.
नकाशावर रेघा वाढल्या,
रोस्टरमधली नावं तेवढीच.

सुट्टीत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
चुलतभाऊ आनंदा म्हणाला,
लई बेस झालं की रं, यष्टीच्या पैशात इमान!
माझ्या ओठावर फेस. काय बोलणार?
त्याच्या पोरीला पहिल्यांदा खिडकी मिळाली होती,
ती सगळ्यांना ढगांचे फोटो दाखवत होती.
मग त्यानंच विचारलं, तुझं किती राहिलं?
सात महिने.
मग काय, पेन्शन बसंल.
मी हसलो. तो थांबला.
त्याच्या पुढ्यातल्या म्हशीकडं बघत म्हणाला,
म्हंजे भाकड झालं की दावं सोडायचं, व्हय?
आणि माझ्या दुधाचे पैसे त्यानंच दिले.

पहिल्या कंपनीच्या शेपटीवर हंस होता.
एका मंगळवारी तो उडाला,
माझे पाच पगार आणि ग्रॅच्युइटी चोचीत धरून.
दुसरीकडं गेलो तेव्हा केस पिकलेले होते
आणि यादीत मी शेवटचा.
खांद्यावरच्या चार पट्ट्यांच्या तीन झाल्या.
चौथी परत मिळायला सहा वर्षं लागली.
तोवर घराचा हप्ता माझ्या वयाला मागं टाकून
पुढं निघून गेला होता.

अर्शदच्या फोनमध्ये ती यादी आहे.
मागच्या आठवड्यात चहा घेता घेता बोलून गेला,
सर, एप्रिलमध्ये तुम्ही गेलात की मी एकशे सतरावा.
बोलला आणि कप तसाच हातात धरून बसला.
मी म्हटलं, पी, गार होईल.
कॅप्टन दारूवालांच्या निरोपाचा केक खाताना
मीही हेच मोजत होतो.
माझ्या बोटांना क्रीम लागलं होतं,
त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं.

दार लागलं. बाविसावं मिनिट.
वाऱ्याचा पत्ता नाही,
टॉवर म्हणतो, आलात त्याच्या उलट्या दिशेनं निघा.
अर्शद विचारतो, सर, हे तुम्ही करणार?
तू कर.
माझे हात मांडीवर. त्यांना ही सवय नाही,
ते मध्येच उचलतात आणि पुन्हा खाली येतात.

गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, उसाचे चौकोन,
विटभट्टीचा सरळ उभा धूर.
रंकाळा आता त्याच्या खिडकीत.
निळी टाकी दिसते का, मी विचारत नाही.
यादीत ती नाही.
तो आकडे मोजतो, आता चढते.
त्याच्या आवाजात हुपरीची बारीक किणकिण
आणि पोर चुकत नाही.