दोलोर

फहाहीलला आमच्या दवाखान्याच्या खिडकीतून
रिफायनरीची ज्योत दिसते. दिवसाही.
पेशंट तिच्याकडे बघत आ वासतात.

निदिया कोलंबियाची. नवरा कुठल्याशा तेल कंपनीत.
चार महिन्यांत हा तिसरा दात.
"बाथरूममध्ये घसरली," तो इंग्रजीत सांगतो,
मी 'कारण'च्या रकान्यात लिहिते : पडणे.
माझं अक्षर चांगलं आहे.

आज ती स्वतः बोलली. एकच शब्द,
दाताकडे बोट दाखवून : दोलोर.
मला ऐकू आलं : डोळ्यावर.
म्हणून मी डोळ्यावर बघितलं.
पावडरच्या थराखाली हिरवट-पिवळं,
आठ दिवसांचं असावं.
मला असे रंग ओळखता येतात.
कसे, ते विचारू नका.

एक्स-रेच्या खोलीत नवऱ्याला येता येत नाही.
दारावर पिवळा त्रिकोण आहे,
त्याचं तेवढं तो ऐकतो.

शिशाचा एप्रन तिच्यावर घातला. चांगला जड असतो.
फिल्म झाली, काढायला गेले,
तर तिनं तो दोन्ही हातांनी गच्च धरला,
पहाटेच्या गारठ्यात पोर गोधडी सोडत नाही तसा.
बाहेर बुटांच्या फेऱ्या.
मला स्पॅनिश येत नाही, तिला मराठी कुठून येणार.
पर्समधून पासपोर्ट काढून तिनं इकामा दाखवला,
कफीलच्या नावावर नख ठेवलं,
आणि दाबलं.

माझ्या इकाम्यावरही त्याच जागी एक नाव आहे.
आडनाव माझंच.

मालवणहून आई फोनवर सांगते,
भांड्याला भांडं लागायचंच.
लागतं गं.
पण दर वेळी पोचा
एकाच भांड्याला कसा येतो?

मी दुसरी फिल्म काढली. गरज नव्हती.
पाकिटावर तारीख लिहिली, तिचं नाव लिहिलं,
'कारण' लिहायला घेतलं आणि पेन तसंच धरून उभी राहिले.
दारावर टकटक झाली.
कोरंच पाकीट डब्याच्या पिशवीत सारलं,
भाकरीच्या फडक्याखाली.

रात्री ह्यांनी पिशवी उघडली.
फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून बघत राहिले.
"कुणाचा गं हा दात?"

मी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून
आधी माझे मोजून घेतले.
मग म्हटलं, पेशंटचा.
द्या इकडे.